वाळलेले रोप मेलेलेच असते असे नाही: देशी वनस्पती, सरकारी खाती आणि स्वयंसेवक

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरच्या आसपासच्या एखाद्या मुरमाड टेकडीवर मागच्या पावसाळ्यात लावलेली रोपे पाहायला गेले, की पहिल्या नजरेत सगळे संपल्यासारखे वाटते. आळ्यात पाचोळा साचलेला असतो, कडेचे दगड उन्हाने पांढरे पडलेले असतात आणि रोपाच्या जागी वीतभर उंचीची करडी काडी उभी असते. मोजणीला आलेला माणूस कागदावर त्या खड्ड्यापुढे 'मृत' असे लिहितो आणि पुढच्या खड्ड्याकडे वळतो. ते रोप शोभेच्या परदेशी झाडाचे असेल, तर त्याचे लिहिणे बहुधा बरोबर असते. मात्र ते बिज्याचे असेल, ज्याला महाराष्ट्रात बिबळा म्हणतात, तर काडी वाळलेली असूनही रोप जिवंत असू शकते. कोरड्या पानगळीच्या जंगलातली कित्येक झाडे लहानपणी अशीच वागतात. पहिली काही वर्षे त्यांचा सारा जोर मुळावर असतो. उन्हाळा आला की जमिनीवरचा शेंडा वाळतो, खाली मूळ जाड होत राहते, आणि पावसाच्या पहिल्या काही सरींनंतर मुळाच्या माथ्यावरून नवा कोंब फुटतो. असे काही वर्षे चालते, आणि मूळ पुरेसे बळकट झाले की एका वर्षी ते रोप न वाळता सरळ वर जाते.

म्हणजे एकच रोप मे महिन्यात मोजले तर मेलेले आणि जुलैच्या अखेरीस मोजले तर जिवंत. हा एवढासा तपशील देशी वनस्पतींच्या संवर्धनाचे मर्म सांगतो. या कामाला जमीन राखणारे कोणीतरी लागते आणि त्याच खड्ड्याकडे वर्षानुवर्षे परत येणारेही कोणीतरी लागते. पहिले काम सरकारी खात्याच्या हातचे आहे. दुसरे काम खात्याच्या कर्मचाऱ्यांना, मनात असूनही, क्वचितच जमते, कारण एकेका वनरक्षकाकडे केवढा तरी मोठा टापू असतो आणि वणवा, वृक्षतोड, अतिक्रमण, कागदपत्रे ही सगळी कामे त्याच्याच माथी असतात. ही दोन कामे एकमेकांना कशी जोडता येतात, कुठे जोडली गेली आहेत आणि कुठे सांधा निखळतो, हे येथे क्रमाने पाहू.

प्रथम 'देशी' या शब्दाविषयी. एखादी वनस्पती माणसाने आणून न लावता, त्या प्रदेशाची माती, पाऊस, किडे, पक्षी आणि जनावरे यांच्यासोबत हजारो वर्षे वाढत आलेली असेल, तर ती तेथली देशी वनस्पती. यात 'भारतातली' एवढे म्हणून भागत नाही. केरळच्या सदाहरित जंगलातले झाड भारतीय असले, तरी माळव्याच्या पठाराला ते पाहुणेच. उलट पळस, ज्याला आमच्याकडे खेड्यांत खाकरा म्हणतात, धावडा, सालई, मोह, बहावा, आपटा, कवठ, अंजन, खैर आणि मेडशिंगी ही येथल्या बेसाल्टच्या खडकावर आणि काळ्या मातीत मुरलेली मंडळी आहेत. गुलमोहर मादागास्करचा आणि सीताफळ अमेरिकेतले. मांडूची ओळख बनलेली गोरखचिंच, तिला खुरासानी इमली असेही म्हणतात, मूळची आफ्रिकेतली आहे आणि कित्येक शतकांपूर्वी बाहेरून येथे आली. म्हणून मांडूची ती पुराणी झाडे तोडावीत असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही, ती इतिहासाचा ठेवा आहेत. नव्याने उजाड टेकडी हिरवी करायची असेल तेव्हा मात्र पहिला मान धावड्याला आणि सालईला द्यावा, एवढेच म्हणणे आहे.

हा मान भावनेपोटी नाही. रुईच्या पानांवर वाढणारी एक फुलपाखराची अळी, बहाव्याच्या कोवळ्या पानांवर वाढणारी दुसरी, उंबर-वडाच्या कुळातल्या बहुतेक जातींच्या परागणासाठी असलेला ज्याचा त्याचा चिमुकला कीटक, अशी ही नाती एका वनस्पतीला धरून बांधलेली असतात. वनस्पती गेली की तिच्यामागे तिच्यावर अवलंबून असलेले सगळे घर मोडते. आणि देशी वनस्पती म्हणजे केवळ झाडे, हा समजही दूर ठेवला पाहिजे. मारवेल, पवना, कुसळी या गवतांची माळराने हा माळव्याच्या निसर्गाचा तेवढाच अस्सल भाग आहे. रतलाम जिल्ह्यातील सैलाना आणि धार जिल्ह्यातील सरदारपूर येथे 1983 साली जी अभयारण्ये झाली, ती खरमोर या पक्ष्यासाठी. हा पक्षी पावसाळ्यात गवताळ माळावर अंडी घालतो आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. अशा माळावर उत्साहाने खड्डे खणून झाडे लावली, तर भले करायला जाऊन नुकसान होते. सैलान्याच्या परिसरात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना वन विभागाने बक्षीस ठेवले, ही भागीदारीची साधी आणि शहाणपणाची रीत होती, कारण पक्षी प्रथम दिसतो तो शेताच्या बांधावरच्या माणसाला.

आता सरकारी रोपवाटिकेत जाऊन पाहू. तेथे करंज, गुलमोहर, सुबाभूळ, शिसू यांची रोपे ओळीने मिळतात. धावडा मागितला तर सहसा नकार मिळतो. यात कोणाचा आळस आहे असे समजू नये. धावड्याला बी भरपूर लागते, पण त्यातले बहुतेक पोचट असते, आणि मूठभर पेरले तरी हातावर मोजण्याइतके उगवते. सालईला फुले खूप, फळे थोडी, आणि तिची रोपे बियांपेक्षा फांद्यांच्या छाटांपासून करणे सोयीचे पडते. मोहाचे आणि जांभळाचे बी फार तर दोन-तीन आठवडे जिवंत राहते, तेवढ्यात पेरले नाही तर वाया गेले. बहाव्याचे बी याच्या उलट वर्षानुवर्षे टिकते, परंतु त्याचे कवच इतके टणक असते, की ते घासून किंवा गरम पाण्यात भिजवून मऊ केल्याशिवाय अंकुर बाहेर पडत नाही. प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी. रोपवाटिकेला मात्र वर्षाचे उद्दिष्ट आकड्यांत मिळते: इतके लाख रोपे तयार करा. ज्याला आकडा पूर्ण करायचा आहे तो जे हमखास उगवते तेच पेरणार. त्यात सरकारी वर्ष मार्चअखेर संपते आणि पळसाच्या शेंगा पिकतात उन्हाळ्याच्या ऐन भरात, म्हणजे मागच्या वर्षाचा पैसा संपलेला आणि नव्या वर्षाची मंजुरी अजून यायची, अशा मधल्या दिवसांत. झाडाचे पंचांग आणि खजिन्याचे पंचांग जुळत नाही, आणि देशी रोपे दुर्मीळ असण्याची जी कारणे मला ठाऊक आहेत, त्यांत हे मी सर्वांत वर ठेवतो.

येथे स्वयंसेवक उपयोगी पडतात, कारण त्यांना कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. रविवारी सकाळी पाच-सात माणसे पिशव्या घेऊन निघाली, की त्याच दिवशी बी घरी येते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंच्या रामबागेतल्या घरी मे महिन्यात दिवाणखान्यात वर्तमानपत्रे पसरलेली असतात आणि त्यांवर पळसाच्या शेंगा वाळत असतात. पळसाची शेंग चपटी, कागदासारखी हलकी आणि लवदार असते, आणि तिच्या अगदी टोकाशी एकच चपटे, तांबूस तपकिरी बी बसलेले असते. शेंग सोलायची गरजच नसते, ती टोकाच्या बाजूने तशीच मातीत खोचली तरी चालते. बाई प्रत्येक वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने तारीख, गाव आणि झाडाचा क्रमांक लिहितात. पाहुण्यांना ती पसाऱ्यासारखी वाटणारी गोष्ट संवर्धनाच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण बी कोणत्या झाडाचे आणि कोठले हे माहीत नसेल, तर त्याची निम्मी किंमत उरत नाही.

ती का, हे जरा उलगडून सांगायला हवे. एकाच जातीचे झाड दोन निरनिराळ्या प्रदेशांत निराळ्या सवयी लावून घेते. कोकणात तीन-चार पट पाऊस पिणारा बहावा आणि वर्षाला जेमतेम हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या माळव्यातला बहावा नावाने एकच असले, तरी कोरड सोसण्याची त्यांची ताकद सारखी असेलच असे नाही. म्हणून बी शक्यतो त्याच टापूतून घ्यावे. दुसरे असे, की एकाच भरगच्च लगडलेल्या झाडाचे बी गोळा करणे सोपे असते, पण त्यातून तयार होणारी सगळी रोपे एका आईची लेकरे असतात, आणि पुढे एखादा रोग आला तर ती एकदमच जातात. अमेरिकेत सरकारी जमिनींचे व्यवस्थापन करणाऱ्या खात्याने 2001 साली देशी बियाणे गोळा करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याचा दंडक असा आहे, की शक्य तेथे किमान 50 निरनिराळ्या झाडांवरून बी घ्यावे आणि त्या दिवशी उपलब्ध असलेल्या बियांच्या 20 टक्क्यांहून अधिक घेऊ नये. बाकीचे बी पक्ष्यांचे, मुंग्यांचे आणि त्या जमिनीचे. आपल्याकडे हा दंडक जसाच्या तसा पाळायला काहीच हरकत नाही, फक्त त्यासाठी आधी मातृवृक्षांची यादी हवी: कोठे कोणते जुने, निरोगी झाड उभे आहे आणि ते केव्हा फळते. अशी यादी करायला पाय आणि वेळ लागतो, आणि शहरातल्या निवृत्त माणसांकडे व विद्यार्थ्यांकडे तो असतो.

ओळख पटवणे हे मात्र शिकावे लागते. दसऱ्याला इंदुरातल्या मराठी घरांत सोने म्हणून जी पाने वाटली जातात, त्यांतली पुष्कळशी आपट्याची नसून कांचनाची असतात. आपट्याचे पान लहान, जाड, काहीसे खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते, तर कांचनाचे पान मोठे आणि मऊ असते. गणपतीच्या पत्रीचेही तेच. एकवीस पानांची नावे आजीच्या पिढीला तोंडपाठ होती, आणि आघाडा, माका, डोरली, विष्णुक्रांता ही त्यांतली कितीतरी रोपटी कुंपणाच्या कडेने आपोआप उगवणारी होती. आज बाजारात पत्री म्हणून जी जुडी मिळते, तिच्यात त्यांपैकी किती असतात हे प्रत्येकाने घरी मोजून पाहावे. ज्या समाजाच्या पूजेतच वनस्पतींची यादी आहे, त्याला हे शिकवणे अवघड जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. तसेच आपट्याच्या कोवळ्या झाडाचा पाला दसऱ्याला ओरबाडू नये, हेही त्याच शिकवणीत यावे.

स्वयंसेवकांचा उत्साह कितीही असला, तरी एका मर्यादेपलीकडे तो एकटा निभावू शकत नाही. जमीन त्यांची नसते. कुंपण, टँकर, राखणदाराचा पगार, वणव्याच्या दिवसांत जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढणे ही कामे वर्गणीतून फार दिवस चालत नाहीत. शिवाय कायदा आहे. इंदूरजवळची राळामंडल ही होळकरांच्या शिकारखान्याची टेकडी 1989 पासून अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाप्रमाणे अभयारण्यातून बी असो वा फांदी, परवानगीशिवाय काहीही आणता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. शहरातल्या झाडांसाठी मध्य प्रदेशात 2001 चा नागरी क्षेत्रातील वृक्ष परिरक्षणाचा अधिनियम आहे. तेव्हा पहिले पाऊल नेहमी लेखी परवानगीचे असावे. परवानगीशिवाय केलेले चांगले काम एका तक्रारीने थांबते आणि मग खाते व नागरिक यांच्यात कायमची अढी बसते.

सरकार आणि लोक यांनी मिळून जंगल राखावे हा विचार आपल्या देशात नवा नाही. पश्चिम बंगालमधील मिदनापूर जिल्ह्यात अराबाडी येथे 1972 च्या सुमारास अजित कुमार बॅनर्जी या वन अधिकाऱ्याने 11 गावांतल्या 618 कुटुंबांशी बोलणी करून साल वृक्षांचे उजाड होत चाललेले जंगल त्यांच्या राखणीत दिले आणि उत्पन्नातला 25 टक्के वाटा त्यांना देण्याचे ठरवले. काही वर्षांत खोडांना पुन्हा फूट येऊन जंगल उभे राहिले. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने लोकसहभागाला जागा दिली, 1 जून 1990 रोजी केंद्राने राज्यांना त्याविषयी परिपत्रक पाठवले आणि मध्य प्रदेशाने 1991 मध्ये आपला ठराव केला. आज राज्यात अशा पंधरा हजारांहून अधिक वन समित्या कागदावर आहेत. अराबाडीचे यश ज्या गोष्टीवर उभे होते ती म्हणजे कोणी काय करायचे आणि कोणाला काय मिळायचे हे आधीच स्पष्ट होते. जेथे समिती फक्त सह्यांपुरती उरली, तेथे जंगलही सह्यांपुरतेच उरले.

दुसरी चौकट 2002 च्या जैवविविधता अधिनियमाची. चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, भोपाळला राज्याचे मंडळ आणि प्रत्येक ग्रामपंचायत व नगर निगम यांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती, अशी ही तीन मजली रचना आहे. समितीचे मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे, म्हणजे आपल्या हद्दीत कोणत्या वनस्पती, पिके, जनावरे आहेत आणि लोकांना त्यांच्याविषयी काय ठाऊक आहे, हे लिहून ठेवणे. पुष्कळ वर्षे या नोंदवह्या झाल्याच नाहीत. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा देशभर नोंदवह्यांची घाई उडाली. घाईत भरलेली वही कशी असते हे निराळे सांगायला नको. परंतु कायदेशीर वही हातात आहे, आणि ती खऱ्या माहितीने भरून काढायला कोणाचीही मनाई नाही. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि गावातले वैदू, गुराखी, वयस्क बायका यांनी एकत्र बसून ती पुन्हा लिहिली, तर मोठ्या प्रकल्पांपेक्षाही ते काम अधिक टिकेल. याच कायद्याने 2019 मध्ये छिंदवाड्याच्या पाताळकोटला जैवविविधता वारसा स्थळ हा दर्जा मिळाला, म्हणजे नोंदींतून संरक्षणापर्यंतची वाट प्रत्यक्षात आहे.

शहराने स्वतः करून दाखवलेले उदाहरण गुरुग्रामचे. तेथे खाणींनी पोखरलेली अरावलीची सुमारे 390 एकर जमीन होती. 2010 च्या आसपास नागरिकांच्या एका संस्थेने तेथल्या महानगरपालिकेबरोबर काम सुरू केले. त्यांना हवी असलेली अरावलीची झाडे, सालई आणि तेथला धौ, म्हणजे आपल्या धावड्याचा जवळचा नातलग, रोपवाटिकांत मिळेनात, म्हणून त्यांनी आसपासच्या शिल्लक जंगलांतून बी आणून स्वतःची रोपवाटिका उभी केली. विलायती बाभूळ हळूहळू हटवली. शाळा, कंपन्या आणि रहिवासी लावणीला येत, पण कोणती जात कोणत्या उतारावर जाणार हे आधी ठरलेले असे. आज ती जागा अरावली जैवविविधता उद्यान म्हणून ओळखली जाते आणि 2022 मध्ये, संरक्षित वनक्षेत्राबाहेर राहूनही निसर्ग राखणाऱ्या क्षेत्रांचा जो आंतरराष्ट्रीय मान्यतेचा वर्ग आहे, त्यात समाविष्ट झालेली ती देशातली पहिली जागा ठरली.

दक्षिण आफ्रिकेतली रीत याहून वेगळी आणि माझ्या मते आपल्याला फार उपयोगाची आहे. तेथल्या राष्ट्रीय जैवविविधता संस्थेने आणि वनस्पतिप्रेमींच्या जुन्या संघटनेने 2003 साली केप प्रांतात दुर्मीळ रानफुलांच्या राखणदारांचा उपक्रम सुरू केला. त्यात स्वयंसेवक झाडे लावत नाहीत. प्रत्येक गट एकेक टापू वाटून घेतो आणि संकटात असलेल्या ठरावीक वनस्पती तेथे आहेत का, किती आहेत, त्यांना कशाचा धोका आहे, हे दरवर्षी जाऊन पाहतो. त्या नोंदी देशाच्या लाल यादीत, म्हणजे संकटातल्या जातींच्या यादीत, जातात, आणि जमिनीचा वापर बदलण्याचे निर्णय घेताना त्या समोर ठेवल्या जातात. पाहणे आणि लिहिणे हेच येथे संवर्धन आहे. आपल्याकडेही सीझनवॉच नावाच्या उपक्रमात एक झाड निवडून त्याची पाने, फुले, फळे दर आठवड्याला नोंदवता येतात, आणि लहान मुलांनाही ते सहज जमते.

इंदूरला अशा भागीदारीची सवय नाही असे कोणी म्हणू नये. 2017 पासून ओळीने सात वर्षे हे शहर देशात सर्वांत स्वच्छ ठरले, त्यामागे नगर निगमाची रोज सकाळी दारात येणारी गाडी होती आणि ओला-सुका कचरा निराळा ठेवणारी घरेही होती. दोहोंपैकी एक जरी चुकले असते, तरी ते साधले नसते. धार रोडवरचा सिरपूर तलाव वाचला तोही असाच. ज्येष्ठ कलावंत भालू मोंढे आणि त्यांच्या स्वयंसेवी संस्थेने वर्षानुवर्षे त्या तलावाचा पाठपुरावा केला, नगर निगम सोबत राहिला, आणि 2022 मध्ये सिरपूर व यशवंत सागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. 2025 च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजवर एका दिवसात 11 लाखांहून अधिक रोपे लावण्याचा विश्वविक्रम याच शहराने केला. माणसे येतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले. देशी वनस्पतींसाठी त्यांतली काही माणसे पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या वर्षी येणे महत्त्वाचे आहे.

शेजारच्या झाबुआत भिल्ल समाजात 'हलमा' नावाची चाल आहे. एखाद्या घराचे काम अडले की ते घर हलम्याची हाक देते आणि गाव मजुरी न घेता ते काम उरकून देते. याच हाकेवर हजारो माणसांनी हाथीपावा टेकडीवर पाणी जिरवणारे चर खणले आहेत. ज्यांना लोकसहभाग ही नवी कल्पना वाटते, त्यांनी तो डोंगर पाहून यावे.

आता प्रत्यक्ष कामातल्या दोन गोष्टी, कारण चुका तेथेच होतात. पहिली घाणेरी, म्हणजे टणटणी. उत्साही मंडळी तिचे जाळे कोयत्याने कापतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट जोमाने फुटते. तिचे फुटवे खोड आणि मूळ यांच्या सांध्यातून येतात. म्हणून पाऊस पडून जमीन मऊ झाली की टिकावाने जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडावे, सगळे झुडूप उचलून उलटे, मुळे वर करून ठेवावे आणि ते वाळू द्यावे. ही पद्धत दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केली आणि व्याघ्र प्रकल्पांच्या जंगलांतही ती वापरली गेली. आसपासची माती उगीच उकरू नये, कारण उकरलेल्या मातीत घाणेरीचे दडलेले बी जागे होते. जेथे बुलबुल बसतात त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षे नवी रोपटी उपटत राहावे, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधी देशी गवत येऊ द्यावे. हे काम फळे धरण्याआधी उरकले तरच श्रम सार्थकी लागतात. गाजर गवताचेही तसेच, ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट. जबलपूरची तणविज्ञान संशोधन संस्था दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा आठवडा त्याच्या जागृतीसाठी पाळते, आणि शाळांना जोडून घ्यायला तो मुहूर्त चांगला आहे.

दुसरी गोष्ट रोपाच्या थैलीची. ज्या झाडाचा जीव मुळात आहे, त्याला आखूड थैलीत वर्षभर ठेवले की मुख्य मूळ तळाशी गोल फिरते, आणि जमिनीत लावल्यावरही ते तसेच वेटोळे घालून राहते. असे रोप दोन पावसाळे छान दिसते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात अचानक जाते. थैली उंच हवी, तळाला भोके हवीत आणि लावताना खालचे वेटोळे कापून टाकायला हवे. मातीत मिसळायच्या खतासाठी इंदूरने बाहेर पाहण्याची गरज नाही. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड येथल्या वनस्पती उद्योग संस्थेत आले आणि त्यांनी यशवंत वाड यांच्या साथीने पाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर लावून, ते ठरावीक दिवसांनी उलटून, साधारण तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. 1931 साली दोघांनी ती ग्रंथरूपाने मांडली आणि जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. वॉर्डातल्या बागेचा पाचोळा जाळण्याऐवजी त्याच बागेच्या कोपऱ्यात तिचे थर लावले, तर देशी रोपांच्या लहानशा रोपवाटिकेला पुरेल इतके खत तेथेच तयार होते.

मी स्वतः एकदा फसलेलो आहे आणि ते सांगितले पाहिजे. आमच्या गटाने एका सरकारी जागेत तीन वर्षे खपून सुमारे दोनशे देशी रोपे सांभाळली होती. बोलणी सगळी तोंडी होती आणि तेथले अधिकारी खरोखर भले होते. त्यांची बदली झाली, नव्या माणसाला त्या जागेत काय आहे हे कोणी सांगितले नाही, आणि एप्रिलमध्ये सफाईच्या कंत्राटात त्या 'वाळक्या काड्या' गवतासोबत यंत्राने कापून नेल्या. काही मुळे वाचली, पुष्कळशी यंत्राच्या चाकांखाली गेली. दोष कोणा एकाचा नव्हता. आमच्याजवळ एक पान कागद असता, तर ते घडले नसते.

म्हणून करार लेखी असावा, मग तो दोन पानांचा का असेना. जागेचा नकाशा, कोणत्या जाती कोठे आहेत त्यांची यादी, पाणी कोण देणार, गवत कोण व केव्हा कापणार, वणव्याच्या दिवसांत कोणाला फोन करायचा, बी गोळा करायची परवानगी कोणत्या महिन्यांपुरती आहे, आणि मोजणी जुलै किंवा ऑगस्टमध्येच करायची, हे त्यात स्पष्ट असावे. त्यात निदान पाच वर्षांची मुदत असावी, कारण बिज्यासारख्या झाडाला एका वर्षाच्या प्रकल्पाची भाषा कळत नाही. रोपाशेजारी ठळक रंगाची खुंटी ठोकून तिच्यावर क्रमांक लिहावा, म्हणजे काडी वाळली तरी जागा ओळखू येते. संशय आला तर नखाने बुडाजवळची साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर जिवंत, आणि नाही दिसले तरी पावसापर्यंत खुंटी उपटू नये.

आणि एक वही ठेवावी, साधी, रेघांची, पुठ्ठ्याची. प्रत्येक फेरीची तारीख, खुंटीचा क्रमांक, काय दिसले, कोणी पाहिले. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि गटातली मुलेही शिकायला पुण्या-बंगळुरूला जातात, तेव्हा जागेची आठवण त्या वहीतच राहते. नवे अधिकारी रुजू झाल्याचे कळले, की पहिल्या आठवड्यातच वहीची झेरॉक्स आणि कराराची प्रत घेऊन त्यांना भेटायला जावे, आणि जमल्यास त्याच भेटीत त्यांना जागेवर येण्याचा दिवस मागावा, शक्यतो जुलैमधला.